तीन नंबरचं शटर

या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायलाच वाचते. कुणाला अमावस्येला पांढरी साडी दिसते, कुणाची गाडी नेमकी वडाखालीच बंद पडते... आणि खाली सगळे "अंगावर काटा आला" लिहून मोकळे. मी एकदा एकाला विचारलं होतं, बाबा रे, गाडीची सर्व्हिसिंग शेवटची कधी केली होतीस? त्याने मला ब्लॉक केलं.

तर अशी मी. आमच्या घरात अंगारे-धुपारे, नजर काढणं, उतारे टाकणं यातलं काही कधी शिरलंच नाही. आम्ही बौद्ध, वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. रस्त्यात कुणी उताऱ्याचं लिंबू टाकलेलं दिसलं की ते उचलून घरी आणायचे आणि आई त्याचं सरबत करायची. आम्ही बहिणी ते सरबत पिऊन मोठ्या झालो आणि अजून ठणठणीत आहोत.

म्हणून हे लिहिताना मलाच लाज वाटतेय. पण वर्ष होत आलं आणि ती दुपार काही डोक्यातून जात नाही. माझ्या अनुभवात अमावस्या नाही, वड नाही, साडी तर नाहीच. भर दुपार, मे महिना, पत्र्याचं गोडाऊन आणि ड्युटीवरची माणसं. कुणाला काही उलगडा सुचला तर जरूर लिहा. फक्त आधी पूर्ण वाचा.

मी फायर अलार्मच्या लाइनमध्ये आहे. नांदेडला डिप्लोमा केला, राहते हिंगोलीत. गोडाऊन, जिनिंग, हॉस्पिटल, जिथे जिथे धुराचे डिटेक्टर आणि पाण्याचे स्प्रिंकलर बसवलेले असतात तिथे जाऊन ते खरंच चालतात का हे बघायचं, हे माझं काम. लोकांना वाटतं, बाई आलीय, चहा पिऊन सही करून जाईल. मग मी शिडी मागते आणि त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. माझं तोंड जरा फटकळ आहे. साइटवर काम अडलं की मी ओरडते, शिव्याही देते, आणि त्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही.

हे गोडाऊन वारंगा फाट्याच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत. हळदीचं. एका लांबलचक शेडचे भिंती घालून तीन भाग केलेले, एकामागे एक. प्रत्येक भागात छतापर्यंत गेलेले लोखंडी रॅक, रॅकच्या कप्प्यांत लाकडी पॅलेट आणि पॅलेटवर हळदीची पोती. दोन रॅकच्या मधली गल्ली एवढीच की फोर्कलिफ्ट कशीबशी जाते. दोन भागांच्या मधे लोखंडी शटर. एका भागात धूर झाला की ते आपोआप खाली येतं, म्हणजे आग पुढच्या भागात जात नाही. तीन नंबरचा भाग सगळ्यात मागे. त्यातून बाहेर पडायला एक हे शटर, आणि मागच्या भिंतीत एक छोटं इमर्जन्सीचं दार, बाहेर उघडणारं.

आता स्प्रिंकलरचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. एवढ्या उंच रॅकमध्ये छतावरचं पाणी कामाचं नसतं. वरच्या पोत्यांवर पडतं आणि खालची पोती निवांत जळत राहतात. म्हणून पाण्याचे पाइप थेट रॅकच्या आतून फिरवतात आणि ठिकठिकाणी स्प्रिंकलर बसवतात. प्रत्येकाच्या तोंडाशी काचेची लहानशी लाल कुपी असते. उष्णता लागली की कुपी फुटते आणि पाणी सुटतं. साधी गोष्ट आहे, वीज लागत नाही, माणूस लागत नाही. लागतं ते फक्त पाइपात पाणी.

आणि टेस्टिंगच्या दिवशी आम्ही ते पाणी बंद करतो. करावंच लागतं. शिडीचा किंवा दांड्याचा धक्का लागून एखादी कुपी फुटली तर खालची सगळी हळद भिजते, काळी पडते, बुरशी धरते, आणि मालक रडकुंडीला येतो. म्हणून ज्या भागात काम चाललंय त्याचा वॉल्व्ह बंद करायचा. वॉल्व्ह बाहेर, पंपाच्या खोलीशेजारी. त्याला साखळी घालायची, कुलूप लावायचं आणि किल्ली जो माणूस आत काम करतोय त्याच्याच खिशात राहील. म्हणजे मधेच येऊन कुणी शहाणपणा करून वॉल्व्ह उघडणार नाही. हा नियम चांगला आहे. मी तो स्वतः चार ठिकाणी शिकवला आहे.

त्या दिवशी तीन नंबरच्या वॉल्व्हला कुलूप मी लावलं. ओढून बघितलं. माझ्याबरोबर रफीक होता, त्यानेही ओढून बघितलं. किल्ली मी जीन्सच्या खिशात टाकली.

रफीक हा माझा जोडीदार. हिंगोलीचाच, माझ्यापेक्षा वयाने मोठा, दोन मुलींचा बाप, स्वभावाने इतका थंड की कधीकधी त्याला हलवून बघावंसं वाटतं. आमची कामाची पद्धत ठरलेली. मी आत शिडीवर चढून लांब दांड्याने एकेका डिटेक्टरला नकली धूर देते. रफीक गेटजवळच्या ऑफिसात पॅनलसमोर बसतो. पॅनलवर जो नंबर पेटेल तो वॉकी-टॉकीवर मला सांगतो, आणि मी "बराबर" म्हणते. मी काही सांगितलं तर तोही ते जसंच्या तसं उलट बोलून दाखवतो, मी "बराबर" म्हणते, मगच पुढे. मोबाईल आत न्यायला तिथे बंदी होती, आमचे दोघांचे ऑफिसच्या टेबलावर. म्हणजे आतून बाहेर बोलायला फक्त वॉकी.

मॅनेजर कदमसाहेब उत्साही माणूस. सकाळीच सगळ्या हमालांना गोळा करून सांगितलं, "आज टेस्टिंग हाय. घंटा वाजली, शटर पडलं, काही झालं तरी कुणी पळायचं न्हाई. मॅडमला त्यांचं काम करू द्या." पुन्हा पुन्हा सांगितलं. मला इमर्जन्सीचं दार उघडून दाखवलं, ते मस्त उघडत होतं. दुपारी जेवणानंतर त्यांना वाटलं, गल्लीत पडलेल्या रिकाम्या पॅलेटांमुळे माझी शिडी अडकेल. म्हणून त्यांनी ती सगळी पॅलेटं बाहेर काढून मागच्या भिंतीला थप्पी लावून ठेवली. सावली त्याच बाजूला होती, हमालांनी तिथेच टाकली. बरोबर त्या दाराला टेकून. मला सोय व्हावी म्हणून.

मी आत गेले तेव्हा कलावतीबाई गल्लीत झाडत होत्या. पन्नाशीच्या, शिरड शहापूरकडच्या, सांडलेली हळद गोळा करायचं काम. हात कोपरापर्यंत पिवळे.

"मावशी, टेस्टिंग आहे, बाहेर जा," मी म्हटलं.

"तुमी तुमचं करा, मी माझं करते. सांडलेलं उचललं न्हाई तर गाडीच्या चाकाखाली जातंय समदं." आणि झाडत राहिल्या. मीही फार ताणलं नाही.

पुढच्या बाजूचे डिटेक्टर नीट झाले. मी शिडीवर होते आणि दांडा खालीच होता, तेव्हा वॉकीवर रफीक एक नंबर बोलला. तो नंबर अगदी मागच्या रॅकच्या वरच्या कप्प्यातला. तिथे रिकामं बारदान रचलेलं होतं.

"अरे, मी अजून तिकडे गेलेच नाही," मी म्हटलं.

"आ गया लेकिन, ताई."

"हळदीची धूळ असेल. रिसेट कर."

त्याने केलं. तो पुन्हा आला. आणि त्याच्या शेजारचा दुसराही आला. दोन आले की शटर पडतं, तशी व्यवस्था असते. शटरची टेस्टही शेवटी घ्यायचीच होती, म्हणून ती व्यवस्था मी पॅनलवरून बंद केलेली नव्हती. घंटा सुरू झाली आणि शटर धाडकन खाली आलं. मी दचकले, हात रॅकच्या खांबावर आपटला आणि वॉकी सुटला. खाली पडून त्याचं मागचं झाकण एकीकडे गेलं आणि बॅटरी घसरत रॅकखाली गेली.

आणि शटरच्या पलीकडून टाळ्या वाजल्या. हो, टाळ्या! शटर वेळेवर पडलं म्हणून हमाल आणि कदमसाहेब टाळ्या वाजवत होते.

मी शिडीवरून उतरून हँडसेट उचलला. बॅटरी शोधायला वाकले आणि तेव्हा वास आला. गोणपाट जळाल्याचा वास. हळदीची धूळ असा वास देत नाही. मान वर केली तर मागच्या रॅकच्या टोकाशी धूर छताला लागून आमच्याकडे सरकत होता. नंतर कळलं, वरच्या दिव्याची वायर उंदरांनी कुरतडली होती. त्याच वेळी दिवे गेले. छतात मधेमधे पारदर्शक पत्रे होते, त्यातून ऊन येत होतं. ते आधी पिवळं झालं, मग तपकिरी, मग नाहीसंच झालं.

मी धावत जाऊन शटरवर दोन्ही मुठी आपटल्या. जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडले. घंटा माझ्याच डोक्यावर बोंबलत होती. जरा थांबले तेव्हा पलीकडून कुणीतरी हसत म्हणालेलं ऐकू आलं, "मॅडम आतून बी चेक करायल्यात." मग कदमसाहेबांचा आवाज, "वा, एकदम टाइट बसलंय!" मग घंटेला कंटाळून ते सगळे चहाला गेले. त्यांचा तरी काय दोष? त्यांना सकाळपासून हेच सांगितलं होतं, की काही झालं तरी हलायचं नाही.

त्या क्षणी मला कळलं की आम्ही अडकलो. आग लागल्याचं सांगणारी प्रत्येक गोष्ट वाजत होती, पेटत होती, खाली पडत होती, आणि त्या दिवशी त्यातल्या कशाचाच अर्थ आग असा नव्हता.

"ताई, हे काहून उघडून न्हाई राहिले?" कलावतीबाईंनी विचारलं. झाडू अजून हातातच.

"मागच्या दाराने जाऊ. चला."

धूर डोक्याच्या वर होता, आम्ही वाकून वाकून मागे गेलो. त्या बाजूलाच आग होती, वरच्या कप्प्यात. जळती सुतळी खाली पडत होती. दाराचा आडवा दांडा मी अंगाने ढकलला. दार बोटभर उघडलं आणि खट्कन थांबलं. पुन्हा ढकललं. बोटभर. कलावतीबाईही लागल्या. बोटभरच. फटीतून पॅलेटचं लाकूड दिसत होतं.

मी कधी कशाला इतकी घाबरले नव्हते. मी त्या दारापाशी बसले आणि फटीला तोंड लावलं. बाहेरची गरम हवा आत येत होती. लाकडाच्या कडेने बाहेरचं थोडंसं दिसत होतं. पांढरं ऊन, कुंपणाची तार, आणि तारेपलीकडे कुणाच्या तरी शेळ्या. मी "वाचवा" म्हणून ओरडले. एका शेळीने मान वर करून बघितलं आणि पुन्हा चरायला लागली.

तेवढ्यात वर 'टच्' असा आवाज झाला. स्प्रिंकलरची कुपी फुटली. पाण्याचा फवारा उडाला, आमच्या अंगावर शिंतोडे आले आणि कलावतीबाई "आलं, आलं पाणी!" म्हणून माझा दंड धरून हलवायला लागल्या. पण ते पाइपात उरलेलं पाणी होतं. फवारा बारीक झाला, धार झाली, थेंब झाले, थांबलं.

"काहून थांबलं?"

मी खिशातून किल्ली काढून त्यांना दाखवली. त्यांना काय कळणार? बाहेर टाकी काठोकाठ भरलेली, पंप तयार, आणि मधे एक कुलूप. त्याची किल्ली माझ्या मुठीत, आणि मी आत. फटीतून बाहेर टाकावी असंही मनात आलं. पण टाकली तर घेणार कोण, शेळ्या? परत खिशात ठेवली.

कलावतीबाईंजवळ पाण्याची बाटली होती. त्यांनी पदर भिजवला, अर्धा माझ्या तोंडावर धरला, अर्धा स्वतःच्या. मी म्हटलं, "मावशी, आडव्या व्हा. धूर वर असतो, खाली हवा असते."

"आडवं काय व्हायचं, मेल्यावर हायेच की." पण झाल्या आडव्या. मग माझ्या कानाशी म्हणाल्या, "म्होरच्या हप्त्यात लेकीचं बाळंतपण हाय. पहिलंच हाय, भिऊन राहिली ती. मी न्हाई गेले तर तिच्यापाशी कोण बसंल?"

मला रडू आलं. राग आला. मी तो मेलेला वॉकी, मागून रिकामा, तोंडाशी धरला आणि सवयीने बटण दाबून ओरडले, "रफीक, कुठे मेलास? शटर उचल, गाढवा!" बटण दाबल्यावर जो खर्र आवाज येतो तोही आला नाही. मग खोकला सुरू झाला आणि पुढे मला बोलताच आलं नाही. पिवळट धूर खाली आला होता. डोळे मिटून फटीला चिकटले. कलावतीबाईंचा हात माझ्या पाठीवर होता, तो हळूहळू थापटत होता. मग थापटणं थांबलं.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. पहिल्यांदा पाइप खडखडले. मग डोक्यावर पाणी आलं. थेंब नाही, धारा. रॅकच्या प्रत्येक कप्प्यातून पोत्यांतली हळद धुऊन पिवळं कोमट पाणी आमच्यावर कोसळत होतं. वर फुस्स फुस्स असा आवाज चालला होता. मी कलावतीबाईंना हलवलं. त्यांनी डोळे उघडले, स्वतःचे हात बघितले, मला बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत पिवळी झालेली, आणि खोकत खोकत म्हणाल्या, "ताई... लगीन लागलं जणू तुमचं."

मग शटर वर गेलं. रफीक आणि हमाल हाताने साखळी ओढून ते उचलत होते. आम्हाला उचलून बाहेर नेलं.

इथपर्यंत काहीही अमानवीय नाही, मला मान्य आहे. आता पुढचं.

आम्हाला गेटजवळच्या ऑफिसात बसवलं. कदमसाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता, ते सारखे सॉरी म्हणत होते. अग्निशमनच्या गाडीला फोन गेला होता. आग तशी विझली होती, नुसता धूर निघत होता. माझ्यात थोडा जीव आल्यावर मी पहिल्यांदा रफीकवर घसरले. "एवढा वेळ काय झोपला होतास?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, तुमी बोले तसा मैं भागा. एक मिनट नै रुका."

"मी काय बोलले?"

"वॉकी पे. तुमीच तो बोले, 'तीन नंबरमध्ये आग आहे. वॉल्व्हचं कुलूप उघडं आहे. आधी पाणी सोड, मग शटर उचल.' मैं वापस बोल के दिखाया, तुमी बराबर बोले."

मी म्हटलं, माझ्या वॉकीत तर बॅटरीच नव्हती. हातातला हँडसेट उलटा करून त्याला रिकामी मागची बाजू दाखवली. मी तो अजून मुठीत घट्ट धरून बसले होते.

"और कुलूप?" तो हळू आवाजात म्हणाला. "कुलूप खुला था, ताई. साखळीला लटका हुआ. मैं हात लगाया तो निकल आया."

मी खिशात हात घातला. किल्ली होती.

"मला आधीच शक आला होता," रफीक म्हणाला. तो घाबरला की मराठीवर येतो. "तुमी एकदा बी ओरडले नाही. शिवी नाही, काही नाही. एकदम शांत. म्हणून तर मी पळालो."

कलावतीबाई मधेच म्हणाल्या, "ह्या कशा बोलतील? ह्या तर माझ्याजवळ पडून खोकू राहिल्या होत्या." म्हणजे मी जे बोलले ते त्याने ऐकलंच नव्हतं. आणि त्याने जे ऐकलं ते मी बोललेच नव्हते.

कुणीतरी मला पाण्याचा ग्लास दिला. मी मोठा घोट घेतला, तो अजून तोंडातच होता. रफीकचा वॉकी टेबलावर, पॅनलसमोर उभा ठेवलेला होता. त्यातून खर्र झालं आणि माझा आवाज आला.

"रफीक."

तो माझाच आवाज होता. रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज आपल्याला परका वाटतो ना, तसा. पण खोलीतल्या बाकी सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. कदमसाहेब, दोन हमाल, कलावतीबाई. माझे गाल पाण्याने फुगलेले होते.

"रफीक, मी आतच आहे. शटर खाली घेऊ नको."

रफीकने... सवय म्हणतात ती ही... वॉकी उचलला आणि उलट बोलून दाखवलं, "आतच आहे. शटर खाली घेऊ नको." पलीकडून उत्तर आलं, "बराबर."

मी पाणी गिळलं. त्याच्या हातातून वॉकी घेतला. "कोण बोलतंय?"

बराच वेळ नुसती खरखर. मला वाटलं, संपलं. मग आवाज आला, पण आता तो शांत नव्हता. धाप लागलेला होता. "दार उघडत नाहीये," तो म्हणाला. "बोटभर उघडतंय फक्त." आणि मग खोकला. तो खोकला मी ओळखला, कारण माझा घसा त्यानेच सोलून निघाला होता. कलावतीबाईंनी माझं मनगट एवढं जोरात धरलं की नंतर तिथे वळ उठला. दाराचं बोटभर उघडणं तोवर आम्ही दोघींनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर वॉकी बंद. पुन्हा काही आलं नाही.

अग्निशमनची माणसं आली. रफीक त्यांना एवढंच म्हणाला की आत अजून एक बाई आहे. त्यांनी तोंडाला मास्क लावून तीन नंबरची गल्ली न् गल्ली, कप्पा न् कप्पा बघितला. मागची पॅलेटं हटवली, इमर्जन्सीचं दार उघडलं. आत कुणी नव्हतं. हजेरी घेतली, सगळी माणसं बाहेर होती. मी पुन्हा आत गेले नाही. जावंसं वाटत होतं, तरी. कदमसाहेबांनी एकदा म्हटलं, आता शटर खाली घेऊ या, धूर पुढे येतोय. रफीक उठला आणि बरोबर शटरच्या खाली जाऊन मांडी घालून बसला. कुणाशी भांडला नाही. गाडी परत गेली, ऊन उतरलं, तरी तो तिथेच. शेवटी मी त्याला हाताला धरून उठवलं.

आता तुमच्या कमेंट मीच लिहून टाकते. धुराने माणसाला भास होतात, कार्बन मोनॉक्साइड मेंदूवर चढतो... ते मला तुमच्या आधी माहीत आहे, माझं कामच ते आहे. पण रफीक धुरात नव्हता, कदमसाहेब धुरात नव्हते. हायवेवरच्या ट्रकवाल्यांचा आवाज वॉकीवर घुसला? घुसतो कधीकधी, पण त्यांना रफीकचं नाव कसं माहीत? कुलूप नीट लागलं नसेल? दोघांनी ओढून बघितलं होतं. ते कुलूप आजही माझ्याकडे आहे, त्या किल्लीशिवाय मला ते एकदाही उघडता आलेलं नाही. वॉकीची बॅटरी नंतर साफसफाईत सापडली, रॅकखालीच, फुगलेली. कुणी आमची मस्करी केली? केली असेल तर तो माझ्यासमोर यावा, मी त्याच्या पाया पडेन, कारण त्या मस्करीने दोन बायकांचा जीव वाचला.

ज्याने वाचवलं त्याचं मला कोडं आहेच, पण मी त्याच्यावर फार विचार करत नाही. वाचलो, झालं. कलावतीबाईंच्या लेकीला मुलगी झाली, बाळंतपणात त्या तिच्यापाशी होत्या. मला त्रास होतो तो दुसऱ्या वेळच्या आवाजाचा. तो कुणाला वाचवायला नव्हता आला. त्याला बाहेर यायचं होतं.

मी अजून हेच काम करते. किल्ली आता दोन ठेवतो, एक आतल्याकडे आणि एक पॅनलवाल्याकडे. रफीकने मात्र ही लाइन सोडली, तो औंढ्याला नातेवाइकाच्या दुकानात बसतो. अधूनमधून त्याचा फोन येतो. कशा आहात, काय चाललंय, असलं काही विचारत नाही. मी हॅलो म्हटलं की तो जरा थांबतो आणि एवढंच विचारतो, "ताई, बाहर हो ना?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी त्याला झापलं होतं. आता झापत नाही. फोन कानाला तसाच धरून मी आधी जवळचं दार गाठते, ते पूर्ण उघडून बघते, आणि मगच हो म्हणते.